मुंग्यांना दिलेली अक्षत

२९ जुलै १९३४, रविवार. देवळाली कॅम्प

आजपासून रोजनिशी लिहायची. निफाडच्या शाळेत सहा वर्षं मास्तरकी केली, पोरांना ‘रोज चार ओळी लिहा’ म्हणून कानीकपाळी ओरडलो, आणि स्वतः एक ओळ लिहिली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आता नवी नोकरी, नवी जागा आणि नवी वही. बघू किती दिवस उत्साह टिकतो.

दुपारच्या गाडीनं उतरलो. कादर नावाच्या टांगेवाल्यानं ट्रंक, वळकटी आणि मी असे तिन्ही डाग बंगल्यावर आणून टाकले. मुंबईच्या एका पारशी शेठजींचा हा बंगला. त्यांच्या पत्नीला मुंबईची हवा मानवत नाही, म्हणून वर्षातले चार महिने मंडळी इथं असतात. उरलेले आठ महिने देखरेखीला माणूस लागतो, तो मी, चिंतामण गर्गे. मागच्या बाजूला दोन खोल्या मला राहायला दिल्या आहेत. कौलं शाकारलेली, भिंती कोरड्या, आणि आतल्या खोलीच्या तुळईला पाळण्याची लोखंडी कडी! ती बघून मला इतका आनंद झाला की एकटाच असून हसलो. द्वारका निफाडला माहेरी आहे, दिवस भरत आले आहेत. आमचं पहिलंच. माहेरी तिची आई नाही, वडील आणि म्हातारी चुलती. तेव्हा बाळंतपण आटोपून सव्वा महिना झाला की तिला इथंच आणायचं आणि बारसंही इथंच करायचं, असं आमचं ठरलं आहे. आजवर आम्ही कायम कुणाच्या तरी माडीवर राहिलो. आपल्या स्वतःच्या दारात असा हा पहिलाच समारंभ.

बंगल्यापुढे भली मोठी हिरवळ. शेठजी तिला लॉन म्हणतात, माळी हरळी म्हणतो. मधोमध कारंज्याचा गोल हौद. कारंजं बंद आहे, पण हौदाच्या मध्यावर चांगला दोन बाजा मावतील एवढा दगडी चौथरा आहे. माळ्याचं नाव कोंडाजी. साठीचा, कमी बोलणारा. मला मास्तर म्हणतो. मास्तरकी सुटली तरी मास्तर सुटला नाही.

२ ऑगस्ट

काल संध्याकाळी हिरवळीवर धोतराचा सोगा पसरून ऐटीत बसलो होतो. एवढ्यात पोटऱ्यांना विस्तव लागल्यासारखं झालं. उठून पाहतो तर दोन्ही पायांना लाल मुंग्या. एक चावली की सगळ्या एकदम चावतात, जणू कुणी हुकूम देतं. मी नाचत नाचत विहिरीकडे पळालो. कोंडाजीनं पाहिलं, पण हसला नाही.

रात्रभर आग. आज प्रत्येक चाव्यावर पांढऱ्या तोंडाचा फोड आला आहे. मोजायला लागलो आणि सोडून दिलं. कोंडाजी त्यांना आग्या म्हणतो. त्यानं हिरवळीवर जागोजाग भुसभुशीत मातीचे उंचवटे दाखवले, वरून एकही भोक नाही. काठीनं टोचलं की माती उकळल्यासारखी हलते. असे चौदा आहेत.

मग खरी गोष्ट कळली. गेल्या हिवाळ्यात शेठजींच्या पत्नी अनवाणी हिरवळीवर आल्या आणि त्यांना असंच झालं. आठ दिवस ताप. शेठजींनी आधीच्या माणसाला त्याच दिवशी बिऱ्हाड उचलायला लावलं. ही जागा रिकामी कशी झाली हे मला नेमताना कुणी सांगितलं नव्हतं. जाऊ दे. मुंग्यांना घाबरून मी द्वारकेची खोली सोडणार नाही.

१० ऑगस्ट

मुलगा झाला! काल पहाटे. सासऱ्यांचं कार्ड आत्ता आलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. कार्ड घेऊन आधी विहिरीवर गेलो, मग फाटकाशी, मग पुन्हा खोलीत. कुणाला सांगावं ते सुचेना, शेवटी कोंडाजीला सांगितलं. त्यानं डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं आणि ‘देव बरं करो’ म्हणाला. कोंडाजीच्या मानानं हे भाषणच.

बसल्या बसल्या बारशाच्या आमंत्रणाचा मजकूरही करून टाकला. यात माझा हात कुणी धरणार नाही. अर्ध्या निफाडची लग्नपत्रं, मुंजपत्रं माझ्या हातची. मजकूर झोपेतही म्हणून दाखवीन. मुहूर्त २० सप्टेंबर, म्हणजे पितृपक्ष लागायच्या आत. नाव काय ठेवायचं ते द्वारकेनं मनाशी ठरवलं आहे म्हणे. मला सांगणार नाही, बारशालाच कळेल. बरं, बाईसाहेब!

याच टपालानं शेठजींचंही पत्र आलं. दसऱ्याच्या आधी मंडळी येणार. लॉनवर एक मुंगी दिसता कामा नये, दिसली तर दुसरा माणूस बघू, असं स्वच्छ लिहिलं आहे.

१३ ऑगस्ट

चार दिवस लढाई चालू आहे. कढत पाण्याच्या घागरी ओतल्या. मग घासलेट. मग तंबाखू उकळून त्याचं पाणी. मग चुना. गवत मेलं. जिथं एक उंचवटा मारला तिथं दोन हातांवर तीन नवे उठतात. चौदाचे एकतीस झाले. हिरवळ आता लूत भरलेल्या कुत्र्याच्या पाठीसारखी दिसते, आणि हे सगळं माझं कर्तृत्व.

काल दुपारी दणकून पाऊस झाला. हिरवळ तुडुंब भरली. हौदाशी पाण्यावर नारळाएवढं तांबडं काहीतरी गरगरत तरंगत होतं. काथ्याचा गोळा समजून काठीनं ओढायला गेलो. त्या मुंग्या होत्या. एकमेकींना धरून गोळा केलेला, आत कोरड्यात पांढरी अंडी, आणि खालच्या मुंग्या वर, वरच्या खाली, असा तो फिरत होता. काठीवरून सरसर हाताकडे यायला लागल्या तेव्हा काठी टाकून दिली. कोंडाजी म्हणाला, “पाणी त्यान्ला आडवत नाय मास्तर. जायचं ठरलं की जात्यात.”

१६ ऑगस्ट

नागपंचमीला कोंडाजीनं कुदळीला हात लावला नाही. मी कुरकुर केली तेव्हा मात्र तोंड उघडलं. मारून या जात नसतात, म्हणाला. त्यांना बोलावून न्यावं लागतं. त्याचा बाप मळ्यात असंच करायचा. उंचवट्यावर हळदकुंकू वाहायचं, लग्नघरची माणसं दारोदार देतात तशी अक्षत द्यायची, साखरेची ओळ धरायची आणि नवी जागा सांगायची. जागा अशी, की जिथं कुणाची चूल पेटत नाही. आपली जागा म्हणजे ओढ्याकाठचा करंज. त्याचं नाव घ्यायचं, ‘करंजाखाली तुमचं घर तयार हाय, तिथं जा’ एवढंच म्हणायचं. आणि हे बंगला ज्याच्या ताब्यात आहे त्यानं करायचं, गड्यानं नाही.

मी म्हटलं, मुंग्यांना अक्षत! उद्या ढेकणांना मानपान करू.

१९ ऑगस्ट

आज दिली एकदाची. सगळे उपाय करून थकलो, म्हटलं हाही करून बघू. कोंडाजी तापानं आपल्या झोपडीत पडून आहे, म्हणून एकटाच गेलो. हळदकुंकू झालं, तांदूळ टाकले. कोंडाजीचं ते गावंढळ वाक्य म्हणायची लाज वाटली आणि खरं सांगायचं तर मला चेष्टा सुचली. अक्षत म्हटली की तोंडात येतं ते आलं. एकतीस उंचवट्यांपुढे एकेकदा, अगदी हात जोडून, माझ्या बाळाच्या बारशाचा मजकूर म्हणून दाखवला: आमचे येथे श्रीकृपेकरून आमचे प्रथम चिरंजीवांचे नामकरण दिनांक वीस सप्टेंबर रोजी करण्याचे योजिले आहे, तरी आपण सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्य सिद्धीस न्यावे, हे अगत्याचे आमंत्रण.

शेवटच्या उंचवट्याशी मलाच हसू आवरेना. साखरेची ओळ ओढ्यापर्यंत न्यायची होती, पण साखर फाटकाशीच संपली.

२१ ऑगस्ट

गेल्या! एकही नाही. सकाळी काठी घेऊन एकतीसच्या एकतीस उंचवटे उकरले. कोरडी माती. मेलेली मुंगीसुद्धा नाही. अनवाणी हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो, मग आडवा झालो, मग लोळलो. शेठजींना लगेच पत्र टाकलं. द्वारकेलाही टाकलं, की तुझ्या लेकाचा पायगुण बघ.

२८ ऑगस्ट

कोंडाजी आज उठून कामाला आला. हिरवळ बघून खूश झाला. कोणत्या शब्दांत सांगितलंत, म्हणून विचारलं. मी गंमत म्हणून सगळा मजकूर पुन्हा म्हणून दाखवला, अगदी अगत्याच्या आमंत्रणापर्यंत.

त्यानं हातातली कुदळ खाली ठेवली. कुठल्या घराचं नाव घेतलंत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, आमचे येथे म्हणजे माझंच. कशासाठी बोलावलंत? बारशाला. तारीख सांगितली? सांगितली. मी हसण्यावारी न्यायला लागलो तसा म्हणाला, “मास्तर, त्या गेल्या नाय. त्या तयारीला लागल्या.”

यावर उपाय काय, तेही विचारलं. म्हणाला, अक्षत परत घेता येत नाही. आमंत्रण दिलेला पाहुणा कार्याआधी अन्नाला शिवत नाही, पण नाव ठेवलं की पंगत बसते. आणि त्या काय खातात ते तुम्हांला माहीत आहे. ज्याचं कार्य, तोच त्यांचा घास. मुहूर्ताचा दिवस नाव न ठेवता बुडाला, तर मात्र आमंत्रण फुकट गेलं. दिवस मावळेपर्यंत सांभाळा.

म्हातारा तापातून नुकता उठला आहे. उगाच मनावर घेत नाही. पण मजकुराचा कागद वहीत ठेवला होता तो आज फाडून टाकला. का फाडला ते मलाही सांगता येत नाही.

५ सप्टेंबर

आतल्या खोलीला चुना दिला. बाजारातून पाळणा आणला, निळा. कडीला दोर बांधायला स्टुलावर चढलो.

कडीभोवती मुंग्या होत्या. शंभर-सव्वाशे असतील. हलत नव्हत्या. सगळ्यांची तोंडं कडीकडे. फडक्यानं पुसून काढल्या, चावल्या नाहीत. दुपारी पाहतो तर तितक्याच, तिथंच. खाली साखर ठेवून बघितली. एकीनंही तोंड लावलं नाही. गुळाचा खडा ठेवला, तुपाचं बोट ठेवलं. कार्याआधी अन्नाला शिवत नाहीत, कोंडाजी म्हणाला होता.

मला भीती वाटते, हे इथं लिहून टाकतो. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

८ सप्टेंबर

सासऱ्यांना पत्र टाकलं, की खोलीला ओल आहे, बारसं पुढं ढकलू, तूर्त येऊ नका. खरं कारण तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. काय लिहिणार? तुमच्या नातवाच्या नावानं मी चेष्टेत मुंग्यांना बोलावलं म्हणून? ज्या माणसाची अक्कल अर्धं निफाड वाखाणतं त्यानं?

१२ सप्टेंबर

शेठजींचं उत्तर आलं. काम पाहून संतोष वाटला, नोकरी कायम. हेच पत्र महिन्यापूर्वी आलं असतं तर पेढे वाटले असते.

सासऱ्यांचंही आलं. ओल आहे तर शेगडी ठेवा म्हणतात. द्वारका ऐकत नाही, शनिवारी घेऊन येतो.

भिंतीच्या चारी कोपऱ्यांत आता ओळी आहेत. मी खोलीत आलो की वाट देतात.

१५ सप्टेंबर, शनिवार

आली. बाळ मी आज पहिल्यांदा पाहिलं. द्वारकेनं माझ्या हातात दिलं तेव्हा त्यानं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. कानाची पाळी माझ्यासारखी, बाकी सगळा तिचा. वजन काहीच नाही. मला रडू आलं. सासरे हसले, नवे बाप असेच असतात म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. बारशाला येतो म्हणाले. मी नका येऊ म्हटलं. त्यांना राग आला असावा.

द्वारकेला घर फार आवडलं. आपलं दार, आपली चूल, आपली तुळशी, असं मोठ्यानं म्हणत ती दोन्ही खोल्यांतून हिंडली. मुंग्या तिला दिसल्या. खोली बंद असेल म्हणून आल्या असतील, म्हणाली आणि केरसुणी घेतली. मी तिचा हात धरला. तिनं चमकून पाहिलं. सांगणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं. पण इतकी हसत होती.

१७ सप्टेंबर

बाजेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, वर घासलेटचे थेंब. बाजेचं ठीक. पाळणा मात्र वरून टांगलेला, त्याच्या दोराला वाटी कुठली लावणार? सकाळी पाहिलं तर दोरावर तांबडी वेणी घातलेली, खाली पाळण्याच्या काठापर्यंत. काठावर बसून होत्या. बाळ मध्ये झोपलेलं. एकही आत उतरली नव्हती. पानं मांडायची वाट बघत माणसं भिंतीला टेकून बसतात, तशा होत्या.

मी बाळ उचललं. द्वारकेनं रागानं दोर झटकला. तिला चावल्या, दोन्ही हातांना कोपरापर्यंत. बाळाला नाही. तिला नाही कळलं, मला कळलं. बाळाला त्या कार्याआधी शिवणार नाहीत.

१८ सप्टेंबर

कादरच्या टांग्यातून बाजारातल्या धर्मशाळेत गेलो. द्वारकेच्या अंगात ताप. गाठोडं उघडलं आणि बाळाची दुपटी झटकली, तर घडीघडीतून त्याच. धर्मशाळेतली माणसं ओरडायला लागली. आम्हांला बाहेर काढलं. टांग्यापाशी आलो तर घोड्याच्या पायांना डसलेल्या, घोडा उधळला. कादर फार भला माणूस आहे, पण माफ करा म्हणाला, आता येणार नाही. म्हणाला, “आप जिधर, वो उधर.”

चालत परत आलो. वाटेत द्वारकेनं विचारलं, तुम्ही काही लपवता का? नाही म्हटलं.

१९ सप्टेंबर

हिरवळ लाल आहे. लांबून बघणाऱ्याला माती टाकल्यासारखी वाटेल. घराभोवती चार हात रुंद पट्टा, मधून पायवाट सोडलेली. घरातल्यांना जायला-यायला.

कोंडाजी आणि मी दिवसभर विहिरीचं पाणी ओढून हौद भरला. कमरेपर्यंत. मधल्या चौथऱ्यावर गादी, छत्री, दुधाचं भांडं. उद्याचा दिवस तिथं काढायचा. पाणी त्यांना अडवत नाही हे मला माहीत आहे, विसरलेलो नाही. पण उद्या नाव ठेवायचंच नाही. नाव नाही तर पंगत नाही. मग त्या पाण्यात उतरतील कशाला?

कोंडाजी भगूरहून भावाची बैलगाडी आणणार आहे, दिवस मावळल्यावर. आमंत्रण बुडालं की सरळ निफाड. या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. नोकरी गेली खड्ड्यात. निघताना त्यानं माझे दोन्ही हात धरले आणि बाईंना सांगून टाका म्हणाला. उद्या सांगतो म्हटलं. उद्या, सूर्य बुडाल्यावर. आता सांगितलं तर तिच्या लेकाच्या जिवाशी मी चेष्टा केली हे तिला तापात ऐकावं लागेल.

हे खोटं आहे. मला लाज वाटते, म्हणून सांगत नाही.

२० सप्टेंबर

सकाळ. दोघांना उचलून आणलं. चौथऱ्यावर आहोत. पायवाट आमच्या मागं मिटली.

द्वारका गादीवर. हात सुजलेत. बाळ तिच्या कुशीत, दूध पितं, झोपतं. माझं बोट धरून ठेवलं होतं मघाशी, पाव तास. मी बोट हलवलं नाही.

सकाळ सरली. हौदाच्या काठावर सगळीकडून जमल्या. पूर्ण गोल. हलत नाहीत. तोंडं इकडे.

दुपार. ऊन. छत्री धरून हात भरून आला. तिनं विचारलं, आज बारसं ना? म्हटलं, आज नाही. मग कधी? म्हटलं, निफाडला, थाटानं, तुझ्या वडिलांच्या देखत. ती म्हणाली, मुहूर्ताच्या दिवशी पोर बिननावाचं ठेवायचं, असं काय पाप केलं हो त्यानं?

त्यानं नाही. मी —

चार वाजले असतील. ती रडते. हळू, बाळ उठू नये म्हणून. मी वेडा झालो असं तिला वाटतं. वाटू दे. दोन तास. दोनच तास.

ऊन कौलावर गेलं. काठावर अजून हालचाल नाही. कोंडाजीचं खरं ठरलं तर आपण सुटलो. अंगारकीला दोघांना घेऊन गणपतीला जाईन. मी वाईट माणूस नाही. थोडा शहाणपणाचा तोरा होता, तेवढाच. तेवढ्याला एवढं नसतं —

सूर्य करंजाच्या शेंड्याला टेकला. लांब बैलांच्या घुंगरांचा आवाज. गाडी आली! द्वारके, गाडी आली, म्हटलं. फाटकाकडे बघायला उभा राहिलो. तिच्याकडे पाठ.

मागं तिचा आवाज. बारीक, लाडाचा. वळून बघितलं. बाळाच्या कानाशी तोंड नेलं होतं तिनं. आत्या नाही म्हणून आईच. कुर्रर्र, म्हणाली. आणि मग नाव.

मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही.

ती माझ्याकडे बघून हसली. ताप आल्यापासून आज पहिल्यांदा. म्हणाली, रागावू नका हं, असाच नेववेना मला तो, बिननावाचा —

काठ हलला. सगळा एकदम.

पाण्यावर गोळे. नारळाएवढे. एक, चार — मोजत नाही. फिरत फिरत येताहेत. सावकाश, घाई नाही कुणाला. सूर्य अजून आहे. बोटभर. एवढा बुडू दे —

कोंडाजी फाटकाशी उभा. हाक मारतो. आत येत नाही. त्याच्या पायाशी सगळं लाल.

बाळ मी वर धरलंय, डाव्या हातानं, डोक्याच्या वर. द्वारका विचारते आहे, काय झालं, मी काय केलं? तिला सांगायला हवं की तू काही केलं नाहीस. आमंत्रण माझं होतं. तुला आधी सांगितलं असतं तर — लिहून ठेवतो, कुणी वाचलं तर तिला

पहिला गोळा दगडाला लागला. सुटताहेत. माझ्या पायांवरून वर, आणि चावत नाहीत, मला चावत नाहीत, नुसत्या वर चढ